तारीख गेली, आता बोला!

सोमवार सकाळ, साडेदहा. फॅमिली कोर्टाच्या जिन्यात मी आणि माझी मैत्रीण. तिने ऑफिसातून हाफ डे टाकलेला, तिसऱ्यांदा. 'तो' पहाटेच्या फ्लाइटने बेंगळुरूहून आलेला. परस्परसंमतीचा घटस्फोट. भांडण नाही, पोटगीचा वाद नाही. दोघांनी जजसमोर उभं राहायचं, 'हो' म्हणायचं. बस्स, विषय संपला!

पण नोटीस बोर्डावर एक कागद डकवलेला. संघटनेच्या ठरावानुसार वकील आज कामकाजापासून अलिप्त राहणार. आम्ही खाली वकीलबाईंची वाट बघत राहिलो, वर शिपायाने नाव पुकारलं, आणि तारीख पडली सात आठवड्यांनंतरची.

"लग्नाच्या दिवशी भटजी संपावर गेले असते तर बरं झालं असतं गं," मैत्रीण म्हणाली. आम्ही हसलो. चहाच्या टपरीवर तो तिला म्हणाला, "सॉरी." ती म्हणाली, "तुझी काय चूक?" एवढं प्रेमाने तर ते संसारातही बोलले नसतील!

मला मात्र किडा चावला. दोन दिवसांनी वकीलबाईंना गाठलं. म्हटलं, मॅडम, तुमची ही संघटना चालते तरी कशी?

फंडा एकदम सिंपल आहे. वर्गणी भरा, सदस्य व्हा. ठरावीक मुदतीने निवडणूक. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कार्यकारिणी. प्रचार आता व्हॉट्सअ‍ॅपवर. मुद्दे काय? बार रूममध्ये बसायला जागा, पार्किंग, लायब्ररी, ज्युनिअर्ससाठी लेक्चर्स. खरं सांगायचं तर यात वावगं काहीच नाही. दिवसभर फायली घेऊन उभं राहणाऱ्याला खुर्ची नको?

"आणि पक्षकारांचं काय?" मी विचारलं.

"पक्षकार मतदार नाहीत ना!" मॅडम हसल्या. मग जरा ओशाळल्या.

खरी गंमत पुढेच आहे. 1984च्या कुटुंब न्यायालय कायद्याचं कलम 13 सांगतं की या कोर्टात वकील देणं हा पक्षकाराचा हक्क नाही. कोर्टाच्या परवानगीने वकील येतो. म्हणजे त्या सोमवारी हे दोघं आपले आपण आत जाऊन उभे राहू शकले असते? "हो, जाऊ शकले असते," मॅडम म्हणाल्या. पण हे त्यांना सांगणार कोण? आणि वकिलांना संपाचा किंवा बहिष्काराचा हक्क नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2002 मध्येच सांगून टाकलंय.

संघटना वेगळीही असू शकते. इंग्लंडमध्ये 1982 साली जॉन कॉर्नवेल आणि त्यांच्यासारख्या काही सॉलिसिटर्सनी फॅमिली वकिलांची संघटना काढली. आपलीच पत्रं नवरा-बायकोतली आग वाढवतात, हे त्यांना खटकत होतं. 2005 पासून तिचं नाव 'रेझोल्यूशन'. सदस्य व्हायचं तर आचारसंहिता पाळायची. भडकाऊ भाषा नको, वाद कमी करायचा, मुलांचं हित आधी. आज सहा हजारांहून जास्त सदस्य आहेत. कोणावरही दोष न लादता घटस्फोट मिळावा म्हणून ही मंडळी वर्षानुवर्षं मागे लागली, आणि 6 एप्रिल 2022 पासून तिथे तसा कायदा लागू झाला. तिथेही पक्षकाराला मत नाहीच. पण नियमावलीत त्याला जागा आहे.

आपल्याकडे एकदम एवढं नको. सुरुवात म्हणून ठरावाचा मेसेज आदल्या संध्याकाळी पक्षकारांनाही जाऊ दे. मुद्दा पार्किंगच्या खाली लिहिला तरी चालेल. आणि तुमच्यापैकी कोणावर ही वेळ आलीच, तर वकील नेमताना फीच्या आधी एक प्रश्न विचारा: "तुमचा बहिष्कार असेल त्या दिवशी माझं काय?"

सात आठवड्यांनी दोघं पुन्हा गेले. या वेळी मॅडम हजर होत्या. आतलं काम किती वेळ चाललं? दहा मिनिटं.