घर बाहुलीचे, माप आपल्या खोलीचे

आम्ही चौघांनी गेल्या पावसाळ्यात बाहुलीचे घर बांधावयास घेतले, हे कळल्यावर आमच्या तुकडीतील बहुतेक सोबत्यांनी आधी हसून घेतले. चौघेही पन्नाशी ओलांडलेले, त्यांत दोघे पुरुष, एक शिक्षिका, एक बँकेतून निवृत्त झालेली. आणि या वयात यांना सुचले काय, तर बाहुलीचे घर! स्मरणिकेसाठी लेख पाठवा असा शाळेचा निरोप आला, तेव्हा वसतिगृहाच्या आठवणी लिहिणारे इतर अनेक जण असतील असे वाटून आम्ही या छंदाविषयीच लिहावयाचे ठरविले. त्यामागे एक आग्रहाचे मतही आहे. हा छंद ज्याला जमेल त्याने अवश्य सुरू करावा. पहिले घर मात्र आपण ज्या घरात वाढलो तेच बांधावे, आणि त्याची मापे सांगणारी माणसे हयात आहेत तोवर बांधावे.

हे शहाणपण आम्हांला सुरुवातीला नव्हते. आम्ही प्रथम तयार तुकड्यांचा एक संच विकत आणला. उतरते छप्पर, धुराडे, खिडक्यांना फुलांच्या कुंड्या आणि दिवाणखान्याच्या भिंतीत एक कोनाडा. तो कोनाडा म्हणजे शेकोटीची जागा, हे आम्हांला सूचनांचा कागद वाचल्यावर कळले. तीन रविवारांत घर उभे राहिले. दिसावयास देखणे होते. परंतु केरसुणी कोठे ठेवायची, पाणी कोठे भरायचे, रात्री कोण कोठे झोपणार, यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते, कारण त्या घरात राहणारे कोणी आमच्या ओळखीचेच नव्हते. ते घर आता आमच्यापैकी एकाच्या नातीकडे आहे. तिने त्यात मांजराचे पिल्लू ठेवून पाहिले. घराचा त्याहून चांगला उपयोग आम्हांलाही सुचला नसता.

बाहुलीघर हा मूळचा मुलांचा खेळ नव्हे. सतराव्या शतकात नेदरलँड्समधील धनिक स्त्रिया मोठ्या लाकडी कपाटांत खोल्या सजवीत, आणि ती कपाटे पाहुण्यांना दाखविण्यासाठी असत. ॲम्स्टरडॅमच्या पेट्रोनेला ऊर्टमान हिचे असे कपाट तेथील राइक्सम्युझियममध्ये आहे. साधारण १६८६ ते १७१० या काळात ते घडत गेले. चिनी मातीची चिमुकली भांडी तिने खास चीनहून करवून आणली. कालव्याकाठचे एक खरे घर विकत घेता येईल इतका पैसा तिने त्यावर घातला असे सांगतात. पुढे इंग्लंडच्या राणी मेरीसाठी १९२१ ते १९२४ या काळात जे बाहुलीघर उभे राहिले, त्याचा थाट याहून मोठा. त्याचे वास्तुशिल्पकार एडविन ल्यूटेन्स, म्हणजे दिल्लीच्या राष्ट्रपती भवनाचे शिल्पकार. सुमारे दीड हजार कलावंत आणि कारागीर त्यासाठी राबले. नळाला गरम आणि थंड पाणी, विजेचे दिवे, खरोखर वरखाली जाणाऱ्या लिफ्ट, पाणी सोडता येणारे संडास, तळघरात मद्याच्या बाटल्या. ग्रंथालयातील बोटाएवढ्या पुस्तकांत आर्थर कॉनन डॉयल यांनी मुद्दाम लिहिलेली होम्सची एक कथाही आहे. १९२४ साली वेम्बलीच्या प्रदर्शनात ते मांडले गेले. आज ते विंडसरच्या किल्ल्यात आहे.

या घराचे माप एकास बारा असे आहे. आजही जगभर छंद म्हणून बाहुलीघरे करणारे बहुधा हेच माप वापरतात, कारण त्यात खरा एक फूट म्हणजे बरोबर एक इंच होतो आणि हिशेब तोंडी करता येतो. नवशिक्याने डोळे मिटून हेच माप घ्यावे.

ल्यूटेन्स यांचे हे चिमुकले घर आकार घेत होते त्याच दशकात, त्याच साम्राज्याच्या मुंबई शहरात, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट कामगारांसाठी काँक्रीटच्या चाळी बांधीत होते. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी. एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. या बीडीडी चाळींत आपल्या समाजाच्या किती पिढ्या वाढल्या हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. आमच्या चौघांपैकी एकीचे बालपण वरळीच्या अशाच खोलीत गेले, आणि येथे वसतिगृहात ती प्रथम आली ती तेथूनच. सोळा फूट लांब आणि दहा फूट रुंद अशी खोली धरली, तर एकास बाराच्या मापात ती सोळा इंच लांब आणि दहा इंच रुंद होते. चहाच्या मोठ्या ट्रेएवढी. राणीच्या बाहुल्यांना स्वतंत्र संडास होते. या ट्रेवर सात माणसे राहत होती. दोन्ही घरे एकाच मापाने मोजली म्हणजे शेजारी शेजारी मांडता येतात, आणि ती तशी मांडून पाहावीत असे आम्हांला वाटते.

एव्हाना वाचकांच्या मनात जो प्रश्न आला असेल तो आमच्या एका ज्येष्ठ माजी विद्यार्थ्याने आम्हांला स्पष्टपणे विचारला. ज्या खोलीतून बाहेर पडण्यासाठी आपल्या आईबापांनी हाडांची काडे केली, ती खोली पुन्हा बांधून काचेत ठेवायची? लोकांनी यावे, "किती गोड!" म्हणावे आणि आपल्या दारिद्र्याचे कौतुक करून जावे, यासाठी? या आक्षेपाला आमच्याकडे झटपट उत्तर नव्हते. अर्धे उत्तर अजूनही नाही. लहान केलेली कोणतीही वस्तू गोड दिसते, हा या छंदातील सर्वांत मोठा धोका आहे. भिंतीची ओलसुद्धा दोन इंचांची झाली की सुंदर वाटू लागते. आमचा एक सोबती रंगकामात तरबेज; त्याने ओलीचा डाग इतका नजाकतीने रंगविला की तो आम्हांला खरवडून काढावा लागला. म्हणून आम्ही स्वतःला एक नियम घालून घेतला आहे. जे नव्हते ते ठेवायचे नाही, आणि जे होते ते लाजेखातर वगळायचे नाही.

या बाबतीत अमेरिकेच्या फ्रान्सिस ग्लेसनर ली यांचे काम आम्हांला मार्गदर्शक वाटते. १९४० च्या दशकात या बाईंनी एकास बाराच याच मापाने खोल्यांच्या लहान प्रतिकृती बनविल्या, त्या गूढ मृत्यूंचा तपास पोलिसांना शिकविण्यासाठी. हार्वर्ड विद्यापीठाच्या न्यायवैद्यक विभागात त्यांवरून वर्ग घेतले जात. त्यांतील बाहुल्यांचे मोजे त्या टाचण्यांवर विणीत. राजवाडा त्यांत नाही. आहेत त्या बहुतेक साध्या, ओढगस्तीच्या माणसांच्या खोल्या, आणि प्रत्येक वस्तू जागच्या जागी, कारण एक वस्तू चुकली तर तपास चुकणार. त्यांच्या प्रतिकृती आजही बाल्टिमोर येथे प्रशिक्षणासाठी वापरल्या जातात. त्या खोल्यांकडे पाहून कोणाला "किती गोड" म्हणावेसे वाटत नाही, कारण त्या साक्ष म्हणून बांधल्या आहेत. आमची खोलीही साक्ष व्हावी, अशी आमची इच्छा आहे. बाबासाहेबांनी स्वतः परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत वीसहून अधिक वर्षे काढली. चाळीची खोली हा काही लपविण्याचा मामला नाही.

आता ज्यांना हात लावून पाहावयाचा आहे त्यांच्यासाठी थोडे. खर्च फार नाही. तीन मिलिमीटर जाडीचा एमडीएफ किंवा चांगला कडक पुठ्ठा, कटर, पोलादी पट्टी, लहान गुण्या, काचपेपर आणि फेविकॉल एवढ्यावर काम सुरू होते. तीन मिलिमीटर हीच जाडी का, तर बाराने गुणले की साधारण दीड इंच येते, म्हणजे खऱ्या दाराच्या फळीएवढी. आम्ही आधी घरात पडलेले जाड प्लायवूड वापरले आणि दारे तुरुंगाच्या फाटकासारखी झाली. भिंती जोडण्यापूर्वीच रंगवाव्यात. नंतर ब्रश कोपऱ्यात पोचत नाही. कापड मात्र मापात लहान होत नाही. पातळाचा तुकडा दोरीवर टाकला की तो पत्र्यासारखा ताठ उभा राहतो. जुने, विरलेले मलमल घेऊन, पातळ खळीत भिजवून, ओले असतानाच बोटांनी चुण्या पाडाव्या लागतात.

बाकी सामान घरातच सापडते, आणि ते शोधण्यातच या छंदाची खरी गोडी आहे. शीतपेयाच्या बाटलीचे पत्र्याचे झाकण म्हणजे परात. कोटाचे मोठे बटण म्हणजे जेवणाचे ताट. जुन्या कॅमेऱ्याच्या रोळाची डबी दोन इंच उंच असते. ती म्हणजे बरोबर दोन फुटांचे पाण्याचे पिंप. दोन काडेपेट्या एकीवर एक चिकटवून, वर राखाडी रंग दिला की पत्र्याची ट्रंक होते. वसतिगृहात खाटेखाली असे तीच ट्रंक, वरच्या नावाच्या अक्षरांसह. ती करताना चौघांचेही बोलणे थांबले होते. आणि भिंतीवरील तसबिरींसाठी टपालाची तिकिटे. बाबासाहेबांचे तिकीट चौकटीत बसविले की मापाने ते तंतोतंत आपल्या घराघरांतील तसबिरीएवढे होते. ते भिंतीवर लागले आणि ट्रेएवढी ती खोली एकदम ओळखीची झाली.

अडचण येते ती पाडलेल्या घराची मापे मिळविण्यात. आमच्या मैत्रिणीची इमारत आता उभी नाही. पुनर्विकासात तेथील रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरे मिळत आहेत, आणि तो आनंदाचाच भाग आहे. परंतु जुन्या खोलीचा नकाशा कोणी काढून ठेवला नव्हता. येथे जुनी छायाचित्रे कामी येतात. एका साखरपुड्याच्या फोटोत मागे लोखंडी कपाट दिसत होते. तशी कपाटे साडेसहा फुटांची असतात. त्यावरून दार मोजले, दारावरून खिडकी, खिडकीवरून मोरीचा कठडा. इतर गोष्टी शरीराला आठवतात. खाट टाकल्यावर उरलेल्या जागेतून आडवे व्हावे लागत असे की सरळ चालता येत असे, हे विचारले की माणूस उठून चालून दाखवितो, आणि आपण टेप लावायचा.

शाळेच्या व्यवस्थापनासही या निमित्ताने एक विनंती आहे. दिवाळीत किल्ले बांधणाऱ्या आपल्या मुलांना माती कालवणे शिकवावे लागत नाही. त्या किल्ल्यावर बुरुजापेक्षा मावळा उंच असतो ही गोष्ट वेगळी; माप शिकवावे लागेल. मुले सुटीला घरी जातात तेव्हा आपल्या घराची मापे कागदावर लिहून आणावयास त्यांना सांगावे, आणि वर्षभरात प्रत्येकाने पुठ्ठ्याची एक खोली करावी. कुडाची असो, पत्र्याची असो, फ्लॅटमधील असो. स्पर्धा मात्र कृपा करून ठेवू नये. घरांना क्रमांक देण्याइतके वाईट काम दुसरे नाही. आणि ज्या मुलाला आपले घर करावयाचे नसेल त्याने शाळेची खोली करावी. त्याला कारण विचारू नये.

आमच्या मैत्रिणीच्या आईंना आम्ही मावशी म्हणतो. त्यांचे वय पंचाऐंशीच्या पुढे. प्रथम त्यांनी या खोलीकडे पाहण्यासही नकार दिला. "मरमर करून निघालो त्यातनं, आता कशाला उकरता?" एवढेच बोलून त्या आत निघून गेल्या. आम्ही काम गुंडाळण्याच्या बेतात होतो. पंधरा दिवसांनी त्या स्वतःहून येऊन खुर्चीत बसल्या आणि बराच वेळ न बोलता पाहत राहिल्या. मग रोळाची डबी दोन बोटांनी उचलून त्यांनी मोरीच्या दुसऱ्या अंगाला ठेवली. "पिंप इकडं होतं. तिकडं ह्यांची सायकल."

सायकल आमच्या कोणाच्याच यादीत नव्हती. मुलीलाही ती आठवत नव्हती. ती जन्मण्यापूर्वीच विकली गेली होती. ती विकून काय आणले, हे मावशींनी सांगितले, पण ते येथे लिहू नये असे त्यांचे म्हणणे पडले. आता तारेची सायकल करण्याचे काम चालू आहे.

खरा वाद झाला तो माळ्यावरून. मैत्रिणीने दहावीचा अभ्यास माळ्यावर बसून केला होता, त्यामुळे त्याची उंची तिच्याच आठवणीप्रमाणे आम्ही साडेचार इंच ठेवली होती. मावशींनी मान हलविली. "एवढा कुठला उंच? मान वाकवून बसायचीस तू. मी खालनं बघत होते ना." मुलगी म्हणते, मला तर उंचच आठवतो. टेप दोघींच्या मध्ये पडून राहिली. अखेर माळा काढावा लागला. फेविकॉल वाळून गेला होता, त्यामुळे भिंतीचा रंगही त्याबरोबर निघाला. दीड इंच कापून तो येत्या रविवारी पुन्हा बसवावयाचा आहे. मावशी येणार आहेत.