अर्थिंग नसेल तर गिझर विकू नका

आमच्या कोकणात थंडी ती कसली! तरीही डिसेंबर लागला, पहाटे फजरच्या वेळी वुजूचे पाणी हाताला झोंबू लागले की घरातली वडीलधारी मंडळी गिझरचा विषय काढतात आणि आम्हा इलेक्ट्रिक सामानाच्या दुकानदारांकडे गिऱ्हाईक सुरू होते. गिऱ्हाईक तीन प्रश्न विचारते : किती लिटरचा, भाव काय, गॅरंटी किती वर्षांची? घरात अर्थिंग आहे का, हा चौथा प्रश्न ते विचारत नाही आणि आपणही काढत नाही. माझे स्पष्ट मत आहे की हा प्रश्न विकणाऱ्यानेच विचारला पाहिजे, आणि उत्तर "नाही" असे आले तर त्या दिवशी गिझर विकू नये.

व्यापाराच्या पानावर हे वाचून काही बांधव हसतील. पण आधी गिझरच्या आत काय असते ते पाहा. तापणारी तार धातूच्या नळीत बंद असते आणि तार व नळी यांच्यामध्ये पांढरी भुकटी ठासलेली असते. बोअरचे जड पाणी असेल तर नळीवर क्षाराचा थर चढतो, नळी जास्त तापून तडकते, भुकटीत ओल शिरते आणि करंट पाण्यात व टाकीच्या पत्र्यावर उतरतो. अर्थिंग चांगले असेल आणि मेन बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (आपले जुने कारागीर त्याला ईएलसीबी म्हणतात) असेल, तर माणसाचा हात लागण्याआधीच वीज तुटते. दोन्ही नसतील तर त्या करंटला जमिनीत जायला एकच वाट उरते, ती म्हणजे ओल्या फरशीवर उभा असलेला माणूस.

मागच्या हिवाळ्यात ओळखीचे एक गृहस्थ तक्रार घेऊन आले. गिझर नवा, आणि नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. मला वाटले, माल खराब निघाला. घरी जाऊन सॉकेट उघडले तर अर्थच्या पिनला बाहेरून वायर आलेलीच नव्हती. न्यूट्रलमधून बोटभर वायरचा तुकडा काढून अर्थच्या पिनला लावून दिला होता. ही युक्ती आपल्याकडे सर्रास चालते. तीन दिव्यांचा साधा टेस्टरसुद्धा तिला "सर्व ठीक" म्हणतो, सॉकेट उघडल्याशिवाय ती पकडता येत नाही. अशा जोडणीत खांबावरचा किंवा मीटरपाशी असलेला न्यूट्रल सुटला की गिझरच्या पत्र्यावर आणि नळावर पुरे 230 व्होल्ट येतात. ज्या वायरमनने हे काम केले त्याला मी विचारले. तो म्हणाला, "भाई, अर्थिंगचा खर्च सांगितला की गिऱ्हाईक दुसऱ्याला बोलावतं."

त्याचे म्हणणे खोटे नाही. मात्र हाच कारागीर काही वर्षे आखातात काम करून आलेला आहे. तिथे ईएलसीबी आणि डबल पोल स्विचशिवाय गिझर बसवायची त्याची हिंमत झाली नसती. हुन्नर हातात असताना गावात आल्यावर तो गुंडाळून ठेवायचा, हे मला पटत नाही.

निवडीबाबत थोडे सांगतो, कारण इथेही गिऱ्हाइकाला अर्धेच सांगितले जाते. 3 किलोवॅटचा इन्स्टंट गिझर 25 अंशांचे पाणी 40 अंशांवर नेताना मिनिटाला जेमतेम तीन लिटर पाणी देतो. म्हणजे पंधरा लिटरच्या बालदीला पाच मिनिटे लागतात आणि शॉवर लावला तर बारीक धार पडते. त्यात पहाटे व्होल्टेज 180 वर आले तर त्याची ताकद 1.8 किलोवॅटवर घसरते आणि तीच बालदी साडेआठ मिनिटे घेते. ज्यांच्या गावी व्होल्टेजचे रडगाणे आहे त्यांनी साठवणीचा घ्यावा. 2 किलोवॅटचा 15 लिटरचा गिझर सुमारे अठरा मिनिटांत पाणी 60 अंशांवर नेतो आणि त्यात थंड पाणी मिसळले की पस्तीस लिटर आंघोळीचे पाणी होते. एक साअ पाण्यात गुसल होत असे हे आपण लहानपणी शिकलो. त्या हिशेबाने पस्तीस लिटर म्हणजे चैनच. असो.

आता विलायती शॉवरबद्दल. आपल्या कोकणी कुटुंबांतले बरेच जण इंग्लंडमध्ये आहेत. सुट्टीत येताना कोणी तिथला इलेक्ट्रिक शॉवर बॅगेत घालून आणतो आणि भाऊ तो दुकानात घेऊन येतो, "एवढा बसवून द्या." तो शॉवर 8.5 ते 10.5 किलोवॅटचा असतो. 9.5 किलोवॅटचा धरला तरी 41 अँपिअर ओढतो. त्याला 10 चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र ब्रेकर लागतो. ज्या घराचा मंजूर भार 3 किलोवॅट आहे तिथे तो बसवणे म्हणजे सर्व्हिस वायर जाळण्याची तयारी. भेट आणणाऱ्याचे मन मोडते, पण नाही म्हणावे.

आपल्या 3 किलोवॅटच्या गिझरला 13 अँपिअर लागतात. त्यासाठी बोर्डापासून 2.5 चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची वायर, 16 अँपिअरचा एमसीबी, आणि स्विच न्हाणीघराबाहेर. आमच्या जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात ओल राहत नाही, म्हणून अर्थिंगचा खड्डा खोल घ्यावा, मीठ-कोळसा घालावा आणि वरून पाणी ओतायची सोय ठेवावी. दिव्याच्या सर्किटमधून गिझर जोडणारा कारागीर कारागीर नव्हे.

राहिला प्रश्न धंद्याचा. मी नाही विकला तर शेजारचा विकेल, हे उत्तर मीही वर्षानुवर्षे देत आलो. परंतु मालातला ऐब माहीत असून लपवणे नाजायज आहे, हे आपण कापडाच्या, धान्याच्या बाबतीत मानतो. गिझर निर्दोष असला तरी अर्थिंग नसलेल्या घरात तो ऐबाचाच माल आहे, आणि ते गिऱ्हाइकाला दिसत नाही, आपल्याला दिसते. कायदाही आता या बाजूला झुकला आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे कारखानदाराने दिलेल्या सूचना व इशारे विक्रेत्याने ग्राहकापर्यंत पोहोचवले नाहीत, तर तोही नुकसानीस जबाबदार धरला जाऊ शकतो. प्रत्येक गिझरच्या पुस्तिकेत अर्थिंगची सूचना असतेच, ती पुस्तिका खोक्यात पडून राहते.

गरीब किंवा भाडेकरू गिऱ्हाइकाने काय करावे? घरमालक अर्थिंग करू देत नसेल तर चुलीवरचा बंब किंवा गॅसच्या शेगडीवरचे पातेले बरे. गॅस गिझर मात्र बंद न्हाणीघरात कधीही सुचवू नये. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो.

आमच्या दुकानात या हंगामापासून गिझरच्या बिलावर एक ओळ वाढवली आहे, "अर्थिंग सॉकेट उघडून तपासले", आणि खाली वायरमनची सही. त्या तपासणीची मजुरी आम्ही वेगळी लावतो आणि ती पूर्ण वायरमनला देतो. पहिल्या महिन्यात चार गिऱ्हाईके परत गेली. त्यातली दोन अर्थिंग करून घेऊन पुन्हा आली.