रॅमचा वेग : डब्यावरचा आकडा आणि दुकानाचा हिशेब

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला दिली जाणारी नियमित साथ थांबवली. दुकानादुकानांतले अनेक जुने संगणक विंडोज ११ स्वीकारत नाहीत. त्यामुळे परळीतल्या आडत दुकानदारापासून लग्नपत्रिका व फ्लेक्स छापणाऱ्या कारागिरापर्यंत अनेकांपुढे नवा संगणक जुळवून घेण्याचा प्रश्न उभा राहिला. नेमके त्याच सुमारास रॅमचे भाव भडकले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या डेटा सेंटरांकडे कारखान्यांचा माल वळला, आणि डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन कंपनीने किरकोळ ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रुशियल’ हा छाप बंद करण्याचे जाहीर केले. अशा महागाईत रॅमची निवड चुकली तर भुर्दंड मोठा बसतो, म्हणून या विषयावर चार शब्द लिहिणे आम्हाला आवश्यक वाटते.

आपले व्यापारी बांधव लातूरला जोत, विकाराबाद मार्गाच्या गाडीने हैदराबाद-सिकंदराबादला जोत की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, विक्रेता त्यांच्यासमोर आकडे ठेवतो : ४८००, ५६००, ६०००, ६४००. मोठा आकडा म्हणजे चांगला माल, असे ग्राहक समजतो. आमच्या मते ही समजूत अर्धीच खरी आहे.

गोदामाचे उदाहरण घ्या. हमाल तासाला किती पोती वाहतात हा एक हिशेब झाला. मागणी दिल्यापासून पहिले पोते हाती यायला किती वेळ लागतो, हा दुसरा. डब्यावरचा ६००० हा आकडा पहिला हिशेब सांगतो. दुसरा हिशेब ‘सीएल’ या आकड्यात असतो, आणि तो बारीक अक्षरात छापलेला असतो. सीएलला २००० ने गुणा व वेगाने भागा, म्हणजे थांबण्याचा काळ नॅनोसेकंदात निघतो. डीडीआर ४ मधील ३२०० सीएल १६ चा काळ १० येतो. डीडीआर ५ मधील ६००० सीएल ३० चाही १० च येतो. पण ६००० सीएल ४० चा १३.३ आणि ४८०० सीएल ४० चा १६.७ येतो. म्हणजे डब्यावर ६००० लिहिलेले दोन माल सारखे नसतात. भाव विचारताना सीएलही विचारलाच पाहिजे.

आता आपल्या कामाला काय लागते ते पाहू. टॅली, बिले आणि जीएसटीचे विवरण एवढेच काम असेल तर वेगावर जादा पैसा घालणे व्यर्थ आहे. तेथे १६ जीबी साधी रॅम पुरते. कोरलड्रॉ, फोटोशॉप, इनपेज यांवर मोठ्या फाइली चालवणाऱ्याने आधी जीबी वाढवावेत. रॅम अपुरी पडली की संगणक डिस्कचा आधार घेतो, आणि डिस्क रॅमपेक्षा कितीतरी पटीने मंद असते. मग ६००० चा वेग काही कामाचा राहत नाही. लग्नाचे चित्रीकरण संपादित करणाऱ्याने ३२ जीबी घ्यावी आणि त्यानंतर वेगाकडे पाहावे. ज्या संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, त्याचा पडदाही याच रॅमवर चालतो, म्हणून तेथे वेगाचा फरक डोळ्यांना दिसतो.

एका मोठ्या स्टिकऐवजी सारख्या दोन घेतल्या तर प्रोसेसरला दोन वाटा मिळतात. हा फायदा वेगाच्या एक-दोन पायऱ्यांपेक्षा मोठा असतो. मदरबोर्डवर चार खाचा असतील तर प्रोसेसरच्या बाजूने मोजून बहुतेक वेळा दुसऱ्या व चौथ्या खाचेत स्टिक बसवतात. चारही खाचा भरल्या की वेग उतरतो. रायझन ७००० मालिकेत एएमडीने दोन स्टिकना ५२०० आणि चार स्टिकना ३६०० एवढाच वेग अधिकृतपणे दिला आहे. म्हणून ‘पुढे आणखी दोन टाकू’ या भरवशावर राहू नये.

यापुढची गोष्ट फार थोडे विक्रेते सांगतात. ६००० ची रॅम बसवली म्हणजे ती आपोआप ६००० वर चालत नाही. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो सुरू करेपर्यंत ती बहुधा ४८०० वरच चालते. इंटेलच्या एच ६१० जातीच्या स्वस्त बोर्डांवर तर असा वाढीव वेग घेताच येत नाही. काट्यात दहा ग्रॅम कमी भरले तर आपण भांडतो, आणि येथे पैसे ६००० चे देऊन वर्षानुवर्षे ४८०० वापरतो! टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर चालू वेग दिसतो. दुकान सोडण्यापूर्वी तो पाहून घ्यावा.

हाताने वेग आणखी ताणण्याबाबत आमचे मत स्पष्ट आहे : खतावणी ज्या संगणकावर आहे, त्यावर हा प्रयोग नको. एक्सएमपी व एक्सपो यांनाही इंटेल व एएमडी ओव्हरक्लॉकिंगच मानतात. डीडीआर ५ चा मूळ दाब १.१ व्होल्ट, तो अनेकदा १.३५ पर्यंत चढवावा लागतो. रॅमच्या पेशींतला भार सतत गळत असतो आणि सेकंदाला अनेकदा भरावा लागतो. उष्णता वाढली की गळती वाढते. डिसेंबरात नीट चाललेली जुळणी परळीच्या मे महिन्यात, पारा चाळिशीपार गेल्यावर दगा देऊ शकते. संगणक बंद पडला तर निदान कळते तरी. एखादा आकडा गुपचूप बदलून हिशेबात बसला तर तो शोधायचा कोणी? डीडीआर ५ च्या चिपमध्ये चूक सुधारण्याची सोय आहे, पण चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर ती राखण करत नाही.

खेळांसाठी घरच्या संगणकावर तरुणांनी हा प्रयोग जरूर करावा. तो एक हुन्नर आहे. संगणक जुळवणाऱ्या आपल्या कारागिरांना आमचे सांगणे आहे की याच हुन्नराचा व्यवसाय करा. ग्राहकाला योग्य वेग लावून द्या, मेमटेस्ट ८६ रात्रभर चालवा, एकही चूक आली तर वेग एक पायरी उतरवा, आणि मे महिन्यात पुन्हा तपासून द्या. मोठ्या शहरातला किंवा घरपोच माल पाठवणारा दुकानदार ही सेवा देत नाही.

ग्राहकानेही पक्के बिल मागावे. त्यावर जीबी, वेग, सीएल आणि स्टिकची संख्या लिहून घ्यावी. जीएसटीत नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला त्याच बिलावर १८ टक्के कराची वजावट मिळू शकते. आधी जीबी, मग जोडी, मग वेग, हा क्रम ज्याने पाळला त्याचा पैसा वाया जाणार नाही.