डंपरचा उत्पादन खर्च कोण काढणार?

गेल्या काही वर्षांत आमच्या भागातल्या गावांना एक नवी खूण लाभली आहे. मारुतीच्या पारासमोर, जिथे पूर्वी बैलगाड्या सुटलेल्या असत, तिथे आता एक-दोन हायवा उभे असतात. पावसाळ्यात उभे असले तर नवल नाही. पण ऐन एप्रिलात उभे दिसले, तर मालकाचे काही खरे नाही असे खुशाल समजावे.

हे डंपर आले कोठून? नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, दहा जिल्ह्यांतून गेला. जमिनीची थेट खरेदी झाली आणि मोबदला खात्यावर आला. ज्या घरात सोसायटीच्या थकबाकीच्या नोटिशीखेरीज दुसरा सरकारी कागद कधी आला नव्हता, तिथे पासबुकावर लाखांचे आकडे उमटले. पोराने बापाचे हाल पाहिले होते. समोर रस्त्याचे काम चालू होते, मुरूम-खडीला गाड्या हव्या होत्या. त्याने डंपर घेतला.

यात आम्हाला काही वावगे वाटत नाही. शेतकऱ्याच्या पोराने जन्मभर ढेकळेच फोडावीत असे म्हणणारे आम्ही नव्हे. शेतीतून बाहेर पडायची वाट सापडली तर ती त्याने जरूर धरावी. आमचे दुखणे वेगळे आहे. कांद्याचा, कापसाचा, उसाचा उत्पादन खर्च काढायला आपण शिकलो. बियाणे, खते, मजुरी तर धरलीच, घरच्या माणसाचे कष्ट आणि जमिनीचे व्याजसुद्धा धरायला शिकलो. आणि तोच शेतकरी चाळीस लाखांची गाडी घेताना कागदावर एक ओळ लिहीत नाही!

चला, आपणच लिहू. दहा चाकी टिप्पर, किंमत ४० लाख धरा. १० लाख घरचे, म्हणजे जमिनीचे. ३० लाख कर्ज, चार वर्षांचे. फायनान्सचा माणूस म्हणतो, "दादा, व्याज फक्त आठ टक्के." हे आठ टक्के सरळ व्याज. मुद्दल फिटत जाते, तरी व्याज पहिल्या दिवसाच्या ३० लाखांवरच लागत राहते. चार वर्षांचे व्याज ९ लाख ६० हजार आणि हप्ता ८२,५००. बँकेच्या रीतीने, म्हणजे उरलेल्या मुद्दलावर मोजले, तर हाच दर चौदा टक्क्यांच्या वर जातो. आठाचे चौदा कसे झाले, हे सही करण्याआधी विचारायचे असते. सही झाल्यावर विचारून काय उपयोग?

आता वर्षाचा हिशेब. हप्ते ९ लाख ९० हजार. ड्रायव्हर-क्लीनरचा पगार आणि भत्ता ३ लाख. विमा, कर, पासिंग मिळून सव्वा लाख. (नुसता तिसऱ्या पक्षाचा विमाच २० ते ४० टनांच्या गाडीला २०२२ च्या दराने ४३,९५० रुपये होता, त्यावरचा कर वेगळा.) टायर, पाटे, सर्व्हिसिंग, मोडतोड मिळून सव्वातीन लाख, तेही खाणीचा रस्ता फार वाईट नसेल तर. एकूण १७ लाख ४० हजार. यात डिझेलचा थेंब नाही.

वर्ष बारा महिन्यांचे, काम मात्र आठ महिन्यांचे. पावसाळ्यात मुरमाचा भराव बंद, नदीतल्या वाळूला बंदी. हप्त्याला पावसाळा नसतो. आठ महिने, महिन्याला बावीस दिवस धरले तर कामाचे १७६ दिवस होतात. म्हणजे गाडी ज्या दिवशी फिरेल त्या प्रत्येक दिवशी डिझेल सोडून जवळजवळ दहा हजार रुपये सुटले पाहिजेत, तर मालकाची बाकी शून्य! त्याच्या स्वतःच्या राबण्याचा आणि त्या १० लाखांच्या व्याजाचा हिशेब तर अजून केलेलाच नाही.

आमच्या तालुक्यातल्या एका भावाने गाडी महिन्याला १ लाख ४० हजार भाड्याने लावली. डिझेल कंत्राटदाराचे, बाकी सगळे मालकाचे. नव्या गाडीला युरियाही लागतो, तोही मालकाचाच. (शेताला वेळेवर मिळत नाही, गाडीला मात्र हवाच.) आठ महिन्यांचे आले ११ लाख २० हजार. तूट ६ लाख २० हजार. पहिल्या वर्षीची तूट मोबदल्यातल्या उरलेल्या पैशाने भरली, दुसऱ्या वर्षीची बायकोच्या दागिन्यांनी. ५ जून २०२५ ला महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला. आमच्या भागातले काम त्याच्या कितीतरी आधी संपले होते. कंत्राटदार मशिनरी उचलून गेला. दोन महिन्यांचे बिल राहिले ते राहिलेच. कामाचा आदेश लेखी नव्हता, होती ती फेऱ्यांची वही.

तूट आली की माणूस ओव्हरलोड करतो. याला केवळ लोभ म्हणून मोकळे होता येणार नाही. फेरीचा दर ब्रासवर ठरतो आणि कायदा मोजतो टनात. ब्रासभर वाळू साडेचार टनांच्या आसपास भरते, ओली असली तर जास्तच. दहा चाकी गाडीला भरल्या वजनासकट २८ टनांच्या आसपास परवानगी. रिकामी गाडीच अकरा-बारा टनांची. म्हणजे कायद्याने साडेतीन ब्राससुद्धा जेमतेम बसतात, आणि पाच ब्रास भरल्याशिवाय परवडत नाही असे मालक सांगतात. २०१९ च्या दुरुस्तीने दंड २० हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार. पाच ब्रासला सहा टन जादा धरले तर ३२ हजार रुपये, माल उतरवायचा खर्च निराळा. रॉयल्टीचा पास नसेल तर महसूलवाले गाडीच तहसीलच्या आवारात लावतात. तिथे दंड लाखांत जातो आणि हप्ता चालूच राहतो.

मग घेऊच नये का? एक जण जुनी गाडी १८ लाखांना घेतो. १० घरचे, ८ लाख कर्ज, उरल्या मुद्दलावर १५ टक्के, तीन वर्षे. हप्ता २८ हजारांच्या आत. गाडी स्वतः चालवतो. दुरुस्ती जास्त, ५ लाख धरा. विमा-कर तोच. वर्षाचा खर्च साडेनऊ लाखांच्या थोडा वर. तेच ११ लाख २० हजार भाडे मिळाले तर दीड लाखावर थोडे उरते. म्हणजे राबायचे दोन माणसांचे आणि सुटायचे त्यांच्या निम्म्या पगाराएवढे. पण तीन वर्षांनी गाडी त्याच्या नावावर मोकळी असते आणि घर शाबूत राहते. शिवाय असा माणूस पडत्या भावाच्या कामाला नाही म्हणू शकतो. ८२,५०० च्या हप्त्याखालचा माणूस ते म्हणू शकत नाही आणि कंत्राटदाराला हे पक्के ठाऊक असते.

बिलाबद्दलही एक गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. २००६ च्या सूक्ष्म व लघू उद्योगांच्या कायद्याने छोट्या उद्योजकाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीने. त्यासाठी उद्यम नोंदणी लागते. ती फुकट होते, पण काम सुरू करण्याआधी केलेली हवी. आणि हातात कागद हवा. "साहेबांनी शब्द दिलाय" हा कागद नव्हे.

जामीनदार म्हणून बहुतेक ठिकाणी बापाची सही घेतलेली आहे. पुष्कळांच्या बापांना आपण कशावर सही केली हे माहीत नाही. म्हणून पुढच्या जिल्हा बैठकीत जेवणानंतरचा तास आम्ही यासाठी राखून ठेवला आहे. ज्यांच्या दारात डंपर उभा आहे त्यांनी कर्जाचा करारनामा, हप्त्यांचा तक्ता आणि आरसी बुक बरोबर आणावे. बिल अडकले असेल तर निदान फेऱ्यांची वही तरी आणावी. आणि जे या दिवाळीला नवी गाडी उचलायच्या विचारात आहेत त्यांनी सही करण्याआधी यावे, येताना वडिलांनाही आणावे.