गटात राहणे आणि गटातून बाहेर पडणे

शिक्षण, लग्न, धंदा, घर यांचे निर्णय माणसाने स्वतःच्या मर्जीने घ्यायचे आणि त्यांच्या बऱ्यावाईटाची जबाबदारीही स्वतःच उचलायची, हा व्यक्तिवाद. हेच निर्णय कुटुंब, जात, बिरादरी किंवा गाव यांच्या विचाराने होत असतील आणि अडीअडचणीचा भारही तेच वाहत असतील, तर तो समूहवाद. डच अभ्यासक गीर्ट हॉफस्टेड यांनी १९६७ ते १९७३ या काळात आयबीएम कंपनीच्या अनेक देशांतल्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या एक लाखाहून अधिक प्रश्नावल्या अभ्यासल्या आणि १९८० च्या पुस्तकात देशांना व्यक्तिवादाचे गुण दिले. अमेरिकेला ९१ गुण मिळाले, भारताला ४८. या ४८ मध्ये फार काही दडून राहते. एकच माणूस दुकानात व्यक्तिवादी, लग्नाच्या बोलणीत समूहवादी आणि लोकलच्या डब्यात तिसराच असतो. कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या मार्गावर लागोपाठ येणारी उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे पाहिली, की हे स्पष्ट दिसते.

उल्हासनगर वसले ते दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना तिथे आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली. पत्ता सांगताना लोक अजून ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर पाच’ असेच सांगतात. पंजाब आणि बंगाल यांची वाटणी झाली, त्यामुळे तिथल्या निर्वासितांना सीमेच्या अलीकडे आपल्या भाषेचा मुलूख तरी उरला. सिंध अख्खाच पलीकडे गेला. जमीन, शेजार, पीर-दरबार सगळे मागे राहिल्यावर समूह पुन्हा उभा करावा लागला, आणि तो पंचायतींतून, झुलेलालच्या मंदिरांतून, दरबारांतून उभा राहिला. उल्हासनगरचा समूह हा असा घडवलेला समूह आहे, आयता मिळालेला नाही.

या शहराची ओळख मात्र धंद्याची आहे, आणि धंदा ही एकेकट्याची हिंमत. पापड-मिठाईपासून फर्निचर, गजानन मार्केट आणि जपानी बाजारातले कापड, पाच नंबरच्या बाजूची जीन्सची शिलाई असा पसारा एकेका कुटुंबाने आपल्या जोखमीवर वाढवला. त्या जोखमीच्या खाली पैसा होता तो नातेवाइकांचा, भिशीचा, ओळखीवर मिळालेल्या उधारीचा. बँक तारण मागते आणि छावणीत उतरलेल्या माणसाकडे तारण म्हणून ठेवायला काहीच नव्हते. एकट्याने धंद्यात उडी घेता आली, ती पाठीशी माणसे होती म्हणून.

एकट्याची उडी आणि पाठीशी माणसे, या जोडीने शहराचे नुकसानही केले. बराकींच्या जागी ज्याने त्याने जमेल तसे मजले चढवले, आणि उच्च न्यायालयाने ८५५ अनधिकृत इमारतींवर हातोडा चालवायला सांगितले, तेव्हा सारे शहर एक झाले. अखेर २००६ मध्ये केवळ उल्हासनगरपुरता कायदा करून ही बांधकामे दंड आकारून नियमित करण्याची वाट काढली गेली. बांधताना प्रत्येक जण एकटा होता, निस्तरताना सगळे मिळून होते. वालधुनी नदीच्या वाट्याला तेवढेही आले नाही. अंबरनाथच्या १०६० सालच्या शिलाहारकालीन शिवमंदिराला लागून वाहणारी ही नदी पुढे उल्हासनगरातून जाते. दोन्हीकडच्या कारखान्यांनी आणि नाल्यांनी तिचे गटार केले. ती कोणाच्याही बिरादरीची नव्हती. आपल्या माणसांसाठी जीव टाकणारा समूह, सर्वांच्या मालकीच्या गोष्टीकडे पाहत नाही, ही समूहवादाची मोठी उणीव आहे आणि तिच्याकडे फार कमी लक्ष दिले जाते.

अंबरनाथमध्ये समूह कारखान्याने घडवला. विमकोचा काडेपेटी कारखाना, आयुध निर्माणी, नंतर औद्योगिक वसाहत. कामगार वेगवेगळ्या प्रांतांतून आले आणि पाळी, वसाहत, युनियन यांनी एकत्र बांधले गेले. कंत्राटी कामगारांचे प्रमाण वाढत गेले तशी ही बांधणी सैल झाली.

बदलापूरची गोष्ट आणखी वेगळी. २००१ मध्ये कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या लाखाच्या आत होती, २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या आसपास गेली. मुंबईतल्या चाळीतली खोली सोडून, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ६८ किलोमीटरवर स्वतःच्या नावाचा फ्लॅट घेणारे हे लोक. दार लावून घेता येणे ही त्यांनी पैसे मोजून घेतलेली गोष्ट होती, आणि चाळीत सासू-सासरे, दीर-नणंदांबरोबर एका खोलीत संसार केलेल्या बाईला त्या दाराची किंमत विचारावी. पण याच लोकांचे रोजचे तीन-चार तास लोकलमध्ये जातात, आणि तिथे ग्रुप असतो. जागा धरणे, भजन, वाढदिवस, आजारपणात वर्गणी हे सगळे तिथे होते. ऑगस्ट २०२२ मध्ये साध्या लोकलच्या जागी वातानुकूलित लोकल आणल्या, तेव्हा कळव्यात आणि बदलापुरात प्रवासी उभे ठाकले आणि मध्य रेल्वेला त्या दहा फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. ज्याला परवडते त्याने जादा पैसे देऊन गार हवेत बसावे, याला त्यांची हरकत नव्हती. त्यासाठी सगळ्यांची गाडी जाऊ नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते, आणि ते रास्त होते.

दोन वर्षांनी बदलापूर स्थानकाने त्याहून गंभीर दिवस पाहिला. एका शाळेतल्या चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाले आणि पालकांची तक्रार नोंदवून घेण्यात दिरंगाई झाली. २० ऑगस्ट २०२४ रोजी हजारो लोक रुळांवर उतरले आणि काही तास वाहतूक बंद पडली. त्यानंतर उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. तक्रार नोंदवणे हा एकट्या नागरिकाचा हक्क आहे. तो हक्क मिळायला जमाव लागावा, ही व्यवस्थेची लाजिरवाणी बाब आहे. व्यक्तीचे अधिकार कागदावर असले आणि संस्था कच्च्या असल्या, तर माणूस समूहाकडेच धावतो, मग तो कितीही आधुनिक असो.

आणि समूहच विरोधात गेला तर? कंजारभाट समाजात नववधूच्या कौमार्य चाचणीची प्रथा जातपंचायतीच्या धाकाने चालत आली. २०१८ च्या सुमारास याच समाजातल्या तरुणांनी तिच्याविरुद्ध मोहीम उघडली. त्यांतल्या एकाच्या अंबरनाथमधल्या कुटुंबावर बहिष्कार पडला, आणि २०१९ मध्ये त्या घरातल्या वृद्ध आजी गेल्या तेव्हा समाजाने अंत्यविधीकडे पाठ फिरवली. पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. भिशी आणि ग्रुप यांतून माणूस बाहेर पडू शकतो. जातीतून बाहेर पडणाऱ्याला तिरडीला खांदेकरी मिळत नाहीत. या दोन्हींना समूहवाद हे एकच नाव देणे म्हणजे मोठा फरक पुसून टाकणे होय. एखादा समूह कसा आहे हे जोखायचे असेल, तर तो आत असलेल्यांना काय देतो यापेक्षा बाहेर पडणाऱ्याचे काय करतो, हे आधी पाहावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना, राज्यघटनेने खेडे बाजूला ठेवून व्यक्ती हा घटक मानला याचे समाधान व्यक्त केले, त्यामागे हीच जाण होती. गावगाड्याने कोणाला वेशीबाहेर ठेवले हे ते जाणून होते.

बहिष्काराविरुद्धच्या कायद्याची वाट मात्र सरळ गेलेली नाही. मुंबई राज्याने १९४९ मध्येच समाजातून वाळीत टाकण्यास बंदी करणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. धर्मपंथाला आपला कारभार स्वतः पाहण्याचा हक्क आहे, हा निकालाचा आधार होता. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा मंजूर केला. तो २०१७ पासून लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. अंबरनाथचा गुन्हा याच कायद्याखालचा. १९६२ च्या निकालाचा फेरविचार करावा का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला.