इंजिनकाम आणि इंजिनियर

गेल्या हिवाळ्यात मिशिगनमधल्या आमच्या गराजमध्ये मी 1992 सालची पाच गिअरची एक जुनी गाडी खोलून बसलो होतो. इंजिन तेल खात होतं आणि तिसरा गिअर टाकताना 'खर्र' आवाज यायचा. व्हिडिओ कॉलवर आईने माझे काळे हात पाहिले आणि म्हणाली, "यासाठी का तुला इंजिनियर केलं?" ती हसत होती, पण त्यामागे आपल्या घराघरांतली एक समजूत आहे: डोक्याने करायचं ते शिक्षण, हाताने करायची ती मजुरी. ही समजूत विज्ञानाच्याच मुळावर येते, असं मला आता वाटतं.

क्रँकशाफ्टच्या बेअरिंगचं गणित मी पदवीच्या परीक्षेत नीट सोडवलं होतं. फिरणारा शाफ्ट बेअरिंगला टेकलेला नसतो. तो तेल स्वतःखाली ओढून घेतो आणि त्या पातळ थरावर तरंगतो. त्यासाठी दोघांमध्ये साधारण 0.04 मिलिमीटर फट लागते, म्हणजे केसाच्या जाडीहून कमी. फट वाढली की तेलाचा दाब टिकत नाही, फारच कमी झाली की धातूवर धातू घासतो. हे सगळं पाठ होतं. ती फट मोजायची कशी, ते ठाऊक नव्हतं.

ती मोजतात मेणासारख्या मऊ प्लास्टिकच्या बारीक दोऱ्याने. दोरा शाफ्टवर ठेवायचा, बेअरिंगची कॅप टॉर्क रेंचने ठरल्याइतकी आवळायची, पुन्हा खोलायची आणि चपटा झालेला दोरा किती रुंद झाला ते पट्टीशी ताडून पाहायचं. मला फट जवळजवळ नाहीच असं माप मिळालं. नवीन बेअरिंग परत करायला निघालो, तेव्हा शेजारच्या निवृत्त मेकॅनिकने एकच प्रश्न विचारला: "मधे क्रँक फिरवलास का?" फिरवला होता. दोरा फासला गेला होता. बेअरिंग ठीक होतं, माझं मोजणं चुकलं होतं.

या बेअरिंगच्या शास्त्राचा जन्मही असाच झाला. 1883 च्या सुमारास इंग्लंडमध्ये बीचम टॉवर रेल्वेच्या आसांची बेअरिंग तपासत होता. तेल घालण्यासाठी त्याने बेअरिंगला वरून भोक पाडलं, तर त्यातून तेल उलट वर येऊ लागलं. बूच ठोकलं, तर तेही बाहेर ढकललं गेलं. तिथे दाबमापक लावल्यावर कळलं की आतल्या तेलाचा दाब भार उचलून धरतोय. ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने 1886 मध्ये त्याचं समीकरण मांडलं. आम्ही रेनॉल्ड्स शिकलो. टॉवरचं बूच आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

गिअरबॉक्सने तर घर्षणाबद्दलचं माझं मतच बदललं. अशा गिअरबॉक्समध्ये पुढचे गिअर कायम एकमेकांत अडकलेलेच असतात. गिअर टाकताना पितळी सिंक्रो रिंग गिअरच्या शंकूवर दाबली जाते आणि त्या घर्षणाने दोघांचा वेग जुळतो. रिंग झिजली की वेग जुळत नाही, दात दातांवर आपटतात आणि 'खर्र' होतं. म्हणजे बेअरिंगला घर्षण नको आणि रिंगला हवंच, पण तेल मात्र दोघांना एकच. त्यात जीएल-5 प्रतीच्या काही तेलांतली गंधकयुक्त रसायनं पितळी भाग खराब करू शकतात, म्हणून जुन्या गिअरबॉक्समध्ये मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच तेल घालावं.

हिशेब मांडला तर हा धंदा आतबट्ट्याचाच. सुट्टे भाग आणि हत्यारं यांवर गाडीच्या किमतीहून जास्त खर्च झाला. चांगल्या मेकॅनिकचं आठवड्याचं काम मला पाच महिने पुरलं. उद्या इलेक्ट्रिक गाड्यांत क्रँकही नसेल आणि सिंक्रो रिंगही नसेल. पण आपलं माप चुकलेलं असू शकतं, हे मनापासून मान्य करायची सवय कुठल्याही यंत्राला लागेल. ती मला ना परीक्षेने लावली, ना वीस वर्षांच्या कॉम्प्युटर सिम्युलेशनने.

आपण इथे मुलांना कोडिंगच्या आणि रोबोटिक्सच्या क्लासला हौसेने घालतो. पण तीच मुलं सायकलची चेन बसवायला लागली, की "हात खराब होतील" म्हणून दुकानात नेतो. माझं म्हणणं एवढंच आहे: त्यांच्या हातात एक पाना द्या, चुकू द्या, पुन्हा खोलू द्या. आणि गाडी दुरुस्तीला टाकाल तेव्हा मेकॅनिकला बिलाच्या रकमेखेरीज आणखी एक गोष्ट विचारा: "हे तुम्ही मोजलंत कसं?"