राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ७२

२०२५ च्या सप्टेंबरात हंगेरीतल्या ग्यॉर शहरात कनू मॅरेथॉनची जागतिक स्पर्धा झाली. मी ती जरीपटक्यातल्या आमच्या घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून, फोनवर पाहिली. आई वाळलेले कपडे काढायला आली आणि म्हणाली, "काय पाहून रायला बे एवढं?" मी म्हटलं, नावांची शर्यत. तिनं दोन मिनिटं वाकून पाहिलं. "तुया आबाजीले दाखवायला पाहिजे होतं," म्हणाली आणि खाली गेली.

शर्यत समजायला सोपी आहे. कायक म्हणजे बसून, दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्याने चालवायची नाव. कनू म्हणजे एका गुडघ्यावर टेकून, एकाच पात्याच्या वल्ह्याने चालवायची. पुरुषांचं अंतर साधारण ३० किलोमीटर, बायकांचं २६ च्या आसपास. दोन तासांच्या वर नुसतं वल्हवत राहायचं. पुढच्या नावेने उठवलेल्या लाटेवर आपली नाव अलगद बसवायची आणि दम वाचवायचा. पण खरी मजा वेगळीच. ठरलेल्या जागी काठावर उडी मारायची, आठ किलोची, पाच मीटरहून लांब नाव उचलायची, धावत सुटायचं आणि पुढे परत पाण्यात टाकायची. याला पोर्टेज म्हणतात. बंधारा आला, खडक आला, पाणी आटलं, तरी नावाडी थांबत नाही, नाव उचलून पुढे जातो. नावाड्यांची जुनी रीत या खेळाने नियमात घेतली.

आबाजींना हा नियम माहीत नव्हता, रीत माहीत होती. ते भंडारा जिल्ह्यातले, वैनगंगेकाठचे धीवर. उन्हाळ्यात पाणी तुटलं की डोंगा रेतीवरून ओढत पुढच्या डोहापर्यंत न्यायचे. त्यांच्या मुलाने नागपुरात नोकरी धरली आणि नातू इंजिनिअर झाला. हा नातू इंदोरा चौकातून मेट्रो पकडून ऑफिसला जातो आणि दिवसभर स्क्रीनसमोर बसतो. तीन पिढ्यांत आमच्या घरातून पाणी गेलं. यात रडण्यासारखं काही नाही, शिकलो म्हणून पोट भरतंय. पण पाणी गेलं कुठे, हे विचारायला काय हरकत आहे?

माझं म्हणणं सरळ आहे. नागपूरने पाण्याची पाहायची वस्तू करून टाकली. पाण्यात उतरायचा, नाव टाकायचा हक्क आपण न भांडता सोडून दिला. आणि कुणी उतरतच नाही म्हणून पाणी कितीही घाण झालं तरी कुणाचं काही अडत नाही.

पुरावा? २०१६ चा राष्ट्रीय जलमार्ग कायदा उघडा. त्यात देशातल्या १११ जलमार्गांची यादी आहे. गंगा आहे, ब्रह्मपुत्रा आहे आणि क्रमांक ७२ वर आहे नाग नदी. हो, तीच. जिला तुम्ही-आम्ही नाग नाला म्हणतो, जिच्या पुलावरून जाताना गाडीची काच वर करतो, ती सुमारे साठ किलोमीटरचा राष्ट्रीय जलमार्ग आहे. म्हणजे ग्यॉरसारखी शर्यत एकाच दिशेने दोनदा बसेल एवढा. कागदावर आमच्याकडे सगळं आहे.

जरीपटक्याच्या बाजूने पिवळी नदी जाते. गोरेवाड्याहून निघते तेव्हा पाणी असतं, आमच्याकडे येईपर्यंत सांडपाणी होतं. पुढे ती नागेला मिळते, मग दोघी कन्हानला, कन्हान वैनगंगेला आणि सगळं जाऊन थांबतं गोसीखुर्दच्या धरणात. म्हणजे मी सकाळी फ्लश केलं की ते माझ्याच आबाजींच्या नदीत जातं. काका अजून तिथे जाळं टाकतो. मागच्या दिवाळीत मला म्हणाला, "तुमचं नागपूर आमच्या जाळ्यात येते." मला हसू आलं नाही.

आता माझी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी मी गोव्याहून एक सेकंडहँड प्लॅस्टिकची कायक मागवली. ट्रान्सपोर्टवाल्याने आणून टाकली तेव्हा अख्खी गल्ली बाहेर आली. पहिल्याच रविवारी टेम्पोत टाकून शहरातल्या एका तलावावर नेली. लाइफ जॅकेट घातलेलं, पोहणं येतं, शिट्टी गळ्यात. चौकीदार आला. "भाऊ, इथं उतरता येत नाही. परमिशन आना." कुणाची? त्याला माहीत नव्हतं. एका ऑफिसात गेलो, त्यांनी दुसरं दाखवलं. दुसऱ्याने विचारलं, संस्था आहे का? नोंदणी आहे का? ठेका घेणार का? मी म्हटलं, ठेका नको, मला फक्त वल्हवायचं आहे. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तलाव विकत मागतोय. तिसऱ्या ऑफिसात अर्ज दिला, पोच घेतली. ती पोच माझ्याकडे अजून आहे.

त्या तलावाच्या काठावर पाटी आहे, पाण्यात उतरण्यास सक्त मनाई. दर पावसाळ्यात कुठल्या तरी तलावात, खदानीत पोट्टे बुडतात आणि दर वेळी आपण एक पाटी वाढवतो. पोहायला शिकवत नाही, जॅकेट देत नाही, पाणी ओळखणारा माणूस काठावर बसवत नाही. पाटीने कुणी वाचलं असतं तर नागपुरात एकही पोरगं बुडालं नसतं.

मग पाणी कशाला आहे? व्ह्यूसाठी. फुटाळा घ्या. भोसल्यांच्या काळातला तलाव. त्यात संगीत कारंजं उभारलं, काठाला प्रेक्षकांसाठी गॅलरी बांधली. मग खटला, आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. वाद काय, तर हा तलाव कायद्याच्या भाषेत पाणथळ आहे की मानवनिर्मित. दोन्ही बाजूंनी भरपूर वकिली झाली. पण या पाण्याचा वापर कोण करणार, हा प्रश्न ऐकायला आला नाही. आपण काठावर भुट्टा खात उभे, पाणी समोर नाचणार, आपण फोन वर धरणार. मी स्वतः हे केलंय, म्हणून बोलतोय. आमच्या आयटीवाल्यांना तर लेक व्ह्यू फ्लॅट पाहिजे असतो आणि डासांसाठी खिडकीला जाळी.

इथे लोक दोन गोष्टी म्हणतील. पहिली, पाणीच घाण आहे, त्यात पोरांना घालतोस का? नाही, आजच्या नागेत मी कुत्रंही घालणार नाही. पण जरा दक्षिण आफ्रिकेत चला. १८९३ मध्ये गांधींना जिथे रेल्वेच्या डब्यातून बाहेर काढलं, ते पीटरमारित्झबर्ग. तिथली नदी उम्सुंदूझी, लोक तिला दूझी म्हणतात. १९५१ पासून तिथून डर्बनपर्यंत तीन दिवसांची, सुमारे १२० किलोमीटरची कनू मॅरेथॉन होते. इयन प्लेयर नावाच्या माणसाने सुरू केली. या नदीतही शहराचं सांडपाणी येतं. इतकं, की शर्यतीनंतर पोट बिघडण्याला तिथे 'दूझी गट्स' असं नावच पडलंय. तरी २०१७ ची जागतिक स्पर्धा याच शहराने, याच नदीवर भरवली.

ती नदी स्वच्छ झाली असं मी म्हणत नाही. झालेली नाही. पण तिथे नदीत जंतू वाढले की ओरडणारे लोक आहेत, कारण ते पाणी त्यांच्या तोंडात जातं. नदीवर नजर ठेवणारी डक्ट नावाची संस्थाही तिथल्या नाव चालवणाऱ्यांनीच उभी केली. आमच्या धंद्यात एक साधी गोष्ट सगळ्यांना माहीत असते. जे सॉफ्टवेअर कुणी वापरत नाही, त्यातले बग कुणी कळवत नाही. नाग नदीला युजरच नाहीत. तिच्या शुद्धीकरणासाठी दोन हजार कोटींच्या घरातला प्रकल्प आहे, तो व्हायलाच पाहिजे. पण तो झाला की नाही हे तपासणार कोण? कंत्राटदाराचा अहवाल?

दुसरी गोष्ट लोक म्हणतील ती अशी, की हे श्रीमंतांचे चोचले आहेत. दूझीची शर्यतही कित्येक वर्षं गोऱ्यांचीच होती. आज तिच्या पहिल्या फळीत नदीकाठच्या झुलू वस्त्यांतले पोरं असतात. आपल्याकडे बघा. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम यांनी कनूमध्ये कांस्य जिंकलं. त्याआधीचं भारताचं कनूतलं पदक १९९४ चं, हिरोशिमाचं. सुनील मणिपूरच्या लोकटाक तलावाकडचा, बाप मासेमार. मध्य प्रदेशातल्या सीहोर जिल्ह्यातली कावेरी धीमर मासेमाराची पोरगी. भोपाळच्या सरकारी जलक्रीडा अकादमीत गेली आणि राष्ट्रीय पदकांची रास लावली. आमच्याकडे धीवर, तिकडे धीमर. पॅराकनूत पॅरालिम्पिकला गेलेली प्राची यादव त्याच भोपाळच्या तलावावर तयार झाली. भोपाळ नागपूरपासून एका रात्रीच्या गाडीवर आहे. तलाव तिकडेही आहेत, इकडेही आहेत. तिकडे काठावर नावा ठेवायला शेड आहे, इकडे पाटी आहे.

आणि आपला दत्तू भोकनळ? चांदवडचा, दुष्काळी भागातला, विहिरी खोदणारा पोरगा. सैन्यात गेला, तिथे रोइंगची नाव हातात आली आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला तेरावा आला. रोइंग वेगळा खेळ आहे, मान्य. पण त्याच्या गावाला नदी नव्हती, सैन्याकडे नाव होती, एवढंच. वैनगंगेकाठच्या पोरांना नदी आहे, हातात वल्हं जन्मापासून आहे, पण स्पर्धेची नाव नाही.

१९८८ च्या एप्रिलमध्ये राजीव गांधींच्या हस्ते गोसीखुर्दचं भूमिपूजन झालं. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला कनू मॅरेथॉनची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. तेव्हापासून ती सिंगापूरला झाली, रोमला झाली, चीनमध्ये शाओशिंगला झाली. ग्यॉरला तर अनेकदा, आणि ते नागपूरच्या पासंगालाही न पुरणारं शहर आहे. या शर्यतीला ऑलिंपिकसारखा सरळ, आखीव कालवा लागत नाही. साधी नदी चालते, बंधारा असला तरी चालतो. आमच्याकडे गोसीखुर्दचा अख्खा जलाशय आहे. त्यावर जलपर्यटनाची योजना आली आहे, म्हणजे पुन्हा तेच. नाव दुसरा चालवणार, आपण तिकीट काढून बसणार.

मला नागपुरात जागतिक स्पर्धा नको. ती आली तर चार दिवस रंगरंगोटी होईल, जलपर्णी काढतील, फोटो काढतील आणि परत पाटी लावतील. मागणं फार छोटं आहे. शहरातल्या दोन तलावांवर नाव पाण्यात सोडायला एकेक उतार. त्याच्या बाजूला शेड, त्यात वीस नावा आणि जॅकेटं. शिकवायला वैनगंगेकाठचे धीवर पोट्टे, पगारावर. आणि दर महिन्याला पाणी तपासून त्याचे आकडे काठावरच्या त्याच पाटीवर, जिच्यावर आज मनाई लिहिली आहे. या सगळ्याला एखाद्या कारंज्याच्या विजेचं बिल पुरेल असं मला वाटतं. माझा हिशोब चुकला असेल तर चूक दाखवा, पण हिशोब मांडा तर खरं.

नागेच्या काठाने बोटी खरंच चालल्या, असं एकदा झालंय. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे ढगफुटीसारखा पाऊस झाला, अंबाझरी भरून वाहिला आणि नदी लोकांच्या घरात शिरली. अंबाझरी लेआउटच्या गल्ल्यांत बचाव पथकांच्या बोटी फिरल्या. माणसं मेली. त्या दिवशी शहराला कळलं की नाव चालवता येणारी माणसं लागतात. महिन्याभरात विसरलो.

माझी कायक सध्या गच्चीवर उलटी पडलेली असते. आईने तिच्यावर उन्हाळ्यात पापड वाळवले. गल्लीतले पोट्टे संध्याकाळी येतात, ती सुलटी करतात, आत बसतात आणि झाडूच्या दांड्याने हवेत वल्हवतात. शेजारचे सिंधी काका ऐंशीच्या घरातले, त्यांचं घराणं सिंधूकाठचं, झुलेलालला मानणारं. ते आपल्या गच्चीवरून रोज बघतात आणि रोज एकच विचारतात, "बेटा, पाण्यात कधी टाकणार?"

मी त्यांना पोच दाखवली. चष्मा लावून त्यांनी ती पूर्ण वाचली, घडी घालून परत दिली आणि म्हणाले, "ही तर तरंगत नाही."